पाऊस आला की टीव्ही जातो: छत्रीच्या सिग्नलचा दरवर्षीचा घोळ

मृग लागला की ही तक्रार सुरू होते आणि हस्ताच्या पावसापर्यंत पुरते. सर आली की आधी चित्राचे चौकोन चौकोन होतात, आवाज तुटायला लागतो, मग पडद्यावर ‘सिग्नल नाही’ची पाटी. पाऊस ओसरला की सगळं आपोआप सुरळीत. मेकॅनिक येतो तेव्हा नेमकं ऊन पडलेलं असतं आणि टीव्ही झकास चालू असतो. तो छत्री जराशी हलवल्यासारखं करतो, व्हिजिटचे पैसे घेतो, आणि पुढच्या सरीला पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

यातला काही भाग खरोखरच निसर्गाचा आहे, त्याला इलाज नाही. पण दर सरीला टीव्ही जात असेल तर पाऊस बहुतेक वेळा निमित्तमात्र असतो. छत्री थोडी फिरलेली असते, पिनेत पाणी मुरलेलं असतं, समोरचा आंबा दोन हात वाढलेला असतो. ही उणीव कोरड्या दिवसांतच तयार झालेली असते, पण तेव्हा चित्र स्वच्छ दिसतं म्हणून कुणी लक्ष देत नाही. त्यामुळे तपासणी करायची ती कोरड्या दिवशी, आणि जमलं तर मे महिन्यातच. खालचं सगळं कुठल्याही डीटीएचला लागू आहे. दिशा आणि कोन जिथे दिलेत तिथे उदाहरण डीडी फ्री डिशचं घेतलंय.

कुठल्या पावसात जातो?

कुणी फोन करून विचारलं की माझा पहिला प्रश्न हाच असतो, कारण अर्धं निदान त्यातच होतं.

भुरभुर पावसात किंवा नुसत्या रिपरिपीत टीव्ही जात असेल तर दोष घरचा आहे, आणि तो सापडतोच. समोरची इमारत दिसेनाशी होईल अशा मुसळधार सरीत पाच-दहा मिनिटं गेला आणि सर ओसरताच परत आला, तर तुमची छत्री शाबूत आहे; ते कुणालाच चुकत नाही. पाऊस नसताना नुसता वारा सुटला तरी चित्र फुटत असेल, तर खांब किंवा क्लॅम्प ढिला झालाय. पाऊस थांबला, ऊन पडलं, तरी टीव्ही येत नाही आणि दुपारी सगळं वाळल्यावर हळूच येतो, तर पाणी कुठेतरी आत शिरलंय, बहुधा एलएनबीच्या (छत्रीसमोरच्या दांड्यावर बसवलेल्या, सिग्नल पकडणाऱ्या डबीच्या) पिनेत. विजा कडाडल्या तेव्हा गेला तो आलाच नाही, तर एलएनबी किंवा बॉक्सचं इनपुट जळालं असण्याची शक्यता धरा. आणि काही चॅनेल जातात, काही टिकतात, हा प्रकार वेगळा आहे. त्यावर खाली स्वतंत्र लिहिलंय.

थेंबाचं माप, लहरीचं माप

घरात येणाऱ्या बहुतेक विद्युतचुंबकीय लहरींना पावसाची पर्वा नसते. एफएम रेडिओ १०० मेगाहर्ट्झच्या आसपास चालतो, त्याची एक लहर तीन मीटर लांब. मोबाइलची ९०० मेगाहर्ट्झची लहर तेहतीस सेंटीमीटर, वाय-फायची २.४ गिगाहर्ट्झची साडेबारा. पावसाचा थेंब फार तर पाच-सहा मिलिमीटरचा. एवढ्या लांब लहरींना तो जाणवत नाही म्हटलं तरी चालेल. डीटीएच मात्र केयू बँडमध्ये, म्हणजे १०.७ ते १२.७५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतं आणि तिथली लहर जेमतेम अडीच सेंटीमीटरची. आता थेंब तिच्या वाटेत येतो. थोडी ऊर्जा तो शोषून घेतो, थोडी इकडेतिकडे विखरून टाकतो.

किती? तासाला १० मिलिमीटर वेगाच्या पावसात या लहरी दर किलोमीटरला अर्ध्या डेसिबलहूनही कमी गमावतात. वेग तासाला ५० मिलिमीटर झाला, म्हणजे चांगली जोराची सर, की सुमारे अडीच डेसिबल. १०० मिलिमीटरला पाचाच्या वर. तीन डेसिबल गेले म्हणजे निम्मी शक्ती गेली आणि दहा गेले म्हणजे एक दशांश उरली, एवढा हिशेब लक्षात ठेवला की पुरे. पावसाळ्यात आपल्याकडे साधारण पाच किलोमीटर उंचीपर्यंत पाणी द्रवरूपात असतं. त्याच्या वर बर्फाचे कण असतात आणि बर्फ या लहरींना फारसा अडवत नाही. तिरपी वाट धरली तर सिग्नलला पाच-सहा किलोमीटर ओल्या हवेतून यावं लागतं. हे सगळं ३६,००० किलोमीटर प्रवास करून आल्यावर. उपग्रहावरचा एकेक ट्रान्सपाँडर (चॅनेलांचा एक गठ्ठा जमिनीकडे पाठवणारं यंत्र) शे-दीडशे वॅटच्या घरातला असतो, आणि तेवढ्यात त्याला अख्खा देश भिजवायचा असतो. आपल्या छत्रीच्या वाट्याला काय येत असेल याची कल्पना करा.

पाऊस आणखी एक खोडी करतो. कोरडं आकाश या लहरींच्या दृष्टीने थंडगार असतं. पावसाचं पाणी त्या मानाने बरंच उबदार, आणि प्रत्येक उबदार वस्तूप्रमाणे तेही स्वतः लहरी सोडतं. म्हणजे सिग्नल घटतो आणि त्याच वेळी खरखर वाढते. बॉक्सवर ‘स्ट्रेंग्थ’ चांगली दिसते आणि तरी चित्र नाही, याचं कारण पुष्कळदा हेच.

शेजाऱ्याची केबल त्याच पावसात चालू कशी, असं चिडून विचारलं जातं. केबलवाल्याच्या गच्चीवरच्या त्या मोठाल्या जाळीच्या छत्र्या पाहिल्यात? त्या सी बँडमध्ये, ४ गिगाहर्ट्झच्या आसपास ऐकतात. लहर साडेसात सेंटीमीटरची, त्यामुळे पावसाने होणारी घट अगदी किरकोळ. नारायणगावजवळ आर्वीला १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला देशाचं उपग्रह दळणवळण केंद्र उभं राहिलं, तेही याच बँडवर. मग घरोघरी सी बँड का नाही? कारण त्याला आठ-दहा फुटी छत्री लागते आणि ती दोन खोल्यांच्या घराच्या खिडकीला टांगता येत नाही. लहान छत्री हवी तर लहान लहर हवी, आणि लहान लहर पावसात भिजते.

लहर थेंबावर विखुरते म्हणून तर कुलाब्याच्या रडारला पाऊस दिसतो. आपली अडचण हे हवामान खात्याचं हत्यार आहे. मोबाइलला दांड्या पूर्ण असून धो धो पावसात नेट रेंगाळतं, त्यातही कधी कधी हाच हात असतो. तुमचा फोन आणि टॉवर यांच्यात काही बिघडलेलं नसतं, पण टॉवर ते टॉवर जोडणारे दुवे १५, १८, २३ गिगाहर्ट्झवर चालतात आणि ते डीटीएचपेक्षाही हळवे.

शिल्लक किती आहे ते बघा

जुन्या दूरदर्शनच्या काळात अँटेना फिरला की पडद्यावर मुंग्या यायच्या, पण मुंग्यांच्या आडून बातम्या ऐकू यायच्या. डिजिटलमध्ये तसं होत नाही. बॉक्स येणाऱ्या चुका एका मर्यादेपर्यंत दुरुस्त करत राहतो आणि तोवर चित्र अगदी नितळ दिसतं. मर्यादा ओलांडली की आधी चौकोन, आणि लगेच काळोख. म्हणून कोरड्या दिवशी दिसणारं सुंदर चित्र काहीच सांगत नाही. खात्यात दहा डेसिबल शिल्लक असलेलं घर आणि एक डेसिबल शिल्लक असलेलं घर, दोन्हीकडे क्रिकेट सारखंच दिसतं. पहिली रिपरिप आली की दुसऱ्याचं खातं रिकामं होतं.

शिल्लक बघायला बॉक्सच्या सेटिंगमध्ये जा. सिग्नल किंवा अँटेना असं काहीतरी पान असतं, तिथे दोन पट्ट्या दिसतात: स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. स्ट्रेंग्थ म्हणजे आत येणारी एकूण शक्ती, त्यात सिग्नलही आला आणि खरखरही. कामाची आहे ती क्वालिटी. स्वच्छ आकाशाच्या दिवशी तीन-चार वेगवेगळ्या ट्रान्सपाँडरवरची क्वालिटी कागदावर लिहा आणि तो कागद बॉक्सच्या बुडाला चिकटवून टाका. बॉक्सबॉक्सचे आकडे वेगळे असतात, तेव्हा शेजाऱ्याच्या ८५ शी आपल्या ७० ची तुलना करू नका. आपल्याच जुन्या आकड्याशी करा. मे महिन्यातला आकडा गेल्या दिवाळीतल्या आकड्याहून खाली घसरला असेल, तर जूनमध्ये काय होणार ते आत्ताच कळलं.

गच्चीवर

पाऊस पडत असताना, विजा होत असताना, किंवा शेवाळलेल्या स्लॅबवर चढू नका. कठड्याबाहेर अँगलवर लावलेली छत्री असेल तर ते काम सराईत माणसालाच द्या. जवळून विजेच्या तारा जात असतील तर लोखंडी खांबाला हातही लावू नका. आणि पिना सोडण्याआधी बॉक्सची वायर प्लगमधून काढा. केबलमधून एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट जात असतात. माणसाला त्यातून झटका बसत नाही, पण केबलची मधली तार तिच्याभोवतीच्या धातूच्या जाळीला टेकली तर बॉक्स मरू शकतो.

पहिला संशयित पिन. एलएनबीला जिथे केबल जोडलीय तिथली एफ पिन उघडा. मधली तांब्याची तार लखलखीत हवी. हिरवट किंवा काळपट थर दिसला तर पाणी गेलंय. गंमत अशी की पाणी पिनेत थांबत नाही, केबलच्या जाळीतून वातीसारखं हातभर आत झिरपतं. म्हणून नुसती पिन पुसून उपयोग नाही. वीतभर केबल कापा, आतली जाळी बघा. अजून काळी असेल तर आणखी कापा. तरी काळीच असेल तर केबल बदला, पैसे वाचवू नका. नवी पिन लावताना जाळीचा एकही तंतू मधल्या तारेला लागता कामा नये. वरून साधी काळी इन्सुलेशन टेप गुंडाळलेली दिसते, ती एका उन्हाळ्यात सुटते. स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप मिळते, ती ताणून खालून वर गुंडाळा, म्हणजे थरांच्या कडा खाली तोंड करून राहतात. काही जण सरळ एम-सील थापतात. पाणी अडतं खरं, पण पुढच्या वेळी पिन काढायला छिन्नी लागते.

केबल एलएनबीपासून निघाल्यावर तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकून जाईल. भिंतीतून आत शिरतानाही तसाच. मधे जोड शक्यतो नकोच. आणि जोड असलाच तर तो उघड्यावर नको.

दुसरा संशयित एलएनबी. त्याच्या तोंडावरचं प्लास्टिकचं झाकण उन्हाने तडकतं. तडा केसाएवढा असला तरी पाणी आतल्या नरसाळ्यासारख्या शिंगात उतरतं आणि तिथे जमलेले चार थेंबसुद्धा पुरतात. (लहरी गोळा करायला शिंग वापरण्याची ही युक्ती आपल्याच माणसाची. जगदीशचंद्र बोस यांनी १८९०च्या दशकात कोलकात्यात पाच मिलिमीटरपर्यंतच्या लहरींवर प्रयोग केले तेव्हा असेच नरसाळ्यासारखे अँटेना वापरले होते. अंगणातल्या छत्रीकडे बघताना मला ते आठवतं.) झाकणात कोळ्याची जाळी, गांधीलमाशांचं घर, असलं काही असेल तर काढा, गांधीलमाशा असतील तर संध्याकाळी आणि सांभाळून. झाकण तडकलेलं असेल तर चिकटपट्टी लावत बसू नका, एलएनबीच बदला. तो पूर्ण छत्रीच्या मानाने स्वस्त असतो.

तिसरा संशयित छत्रीची दिशा, आणि बहुतेक घरांत खरा चोर हाच. साठ सेंटीमीटरच्या छत्रीचा झोत जेमतेम अडीच-तीन अंश रुंद असतो. मधल्या रेषेपासून दीड अंश ढळली की निम्मी शक्ती गेली. आणि दीड अंश म्हणजे किती? छत्रीची कड पाऊण सेंटीमीटर सरकणं, एवढंच. एखादा भरभक्कम कावळा रोज सकाळी त्याच कडेवर बसत असेल, कोकणात माकडं अंगावरून उड्या मारत असतील, कुणी तिला टॉवेल वाळत घालायची दांडी समजत असेल, किंवा गंजलेल्या बोल्टातून वर्षभराच्या वाऱ्याने ती हळूहळू फिरली असेल, तर पाऊण सेंटीमीटर काहीच नाही. टीव्ही तेवढ्यावरही चालतो. शिल्लक संपलेली असते.

छत्री पुन्हा साधायला दोन माणसं लागतात: एक गच्चीवर, दुसरा टीव्हीसमोर क्वालिटीचा आकडा फोनवर सांगणारा. आधी सध्याची जागा मार्करने खांबावर खुणेने नोंदवा, म्हणजे सगळं बिनसलं तरी परत येता येईल. बोल्ट किंचितच सैल करा. आडवी दिशा आधी: दोन-तीन मिलिमीटर सरकवा, हात काढा, चार-पाच सेकंद थांबा. बॉक्सचा आकडा मागून येतो. घाई केली की माणूस शिखर ओलांडून पलीकडे जातो आणि मग शोधत बसतो. आडवं जुळलं की उभा कोन, तसाच. शेवटी एलएनबी त्याच्या पकडीत थोडा थोडा फिरवून बघा. बोल्ट आवळताना छत्री पुन्हा हलते, तेव्हा एकदम एक बोल्ट न आवळता आळीपाळीने आवळा आणि आकडा ऐकत राहा. गंजके बोल्ट आणि क्लॅम्प त्याच वेळी बदलून टाका.

छत्री नक्की कुठे बघते?

फ्री डिशचा जीसॅट-१५ हा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या वर आहे. मुंबईहून त्याची दिशा उत्तरेपासून सुमारे १३१ अंश, म्हणजे जवळजवळ आग्नेय, आणि क्षितिजापासून उंची सुमारे ५८ अंश. नागपूरहून दिशा १४५ च्या आसपास आणि उंची ६० अंश. इतर कंपन्यांचे उपग्रह साधारण ८३ ते १०८ अंशांच्या दरम्यान विखुरलेत, तेव्हा शेजाऱ्याची छत्री पाहून आपली फिरवू नका. १०८ च्या बाजूचा उपग्रह मुंबईहून ४४ अंशांवरच असतो, त्यामुळे त्याच्या सिग्नलला पावसातून जास्त तिरपं आणि लांब यावं लागतं.

दिशा मोबाइलच्या होकायंत्राने बघता येते, पण लोखंडी खांबापासून चार पावलं दूर उभं राहून. आणि उंचीच्या बाबतीत डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. घरगुती छत्री तिरप्या रचनेची असते: एलएनबी मधोमध नसून खालच्या बाजूला असतो, म्हणून छत्री दिसते त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वर बघत असते. उभी दिसतेय म्हणून कुणीतरी ती ‘सरळ आकाशाकडे’ मागे झुकवतो आणि उरलासुरला सिग्नल घालवतो.

याचा उपयोग झाडांसाठी. ५८ अंशाला हिशेब सोपा आहे: झाड छत्रीपासून जितक्या फुटांवर, त्याच्या दीडपट उंचीपर्यंत (छत्रीच्या वर) चालेल. दहा फुटांवरचं झाड पंधरा फूट वर गेलं की वाटेत आलं. पालवी कोरडी असताना थोडा सिग्नल गाळून येतो, म्हणून उन्हाळ्यात कळत नाही. पानं भिजली की प्रत्येक पान पाण्याचा पडदा होतं. माडाच्या झावळ्या आणखी त्रासदायक. वाऱ्याने हलतात, त्यामुळे चित्र येतं-जातं आणि लोक एलएनबीवर संशय घेतात. आग्नेयेकडची फांदी छाटा किंवा छत्री हलवा. मला विचाराल तर छत्री हलवा, फांदी पुढच्या वर्षी पुन्हा येईल.

हेच भूमितीचं गणित आणखी एक कोडं सोडवतं: ‘आमच्याकडे पाऊसच नाही, तरी टीव्ही गेला.’ सिग्नल डोक्यावरून सरळ येत नाही, आग्नेयेकडून तिरपा येतो. पाच किलोमीटर उंचीवर त्याची वाट तुमच्या घरापासून तीन किलोमीटर पुढे असते. तिकडे सर कोसळत असेल तर इथे ऊन असूनही टीव्ही जाणार. वळवाचे ढग पूर्वेकडून चढत असले की टीव्ही आधी जातो आणि पाऊस मागून येतो. अरबी समुद्राकडून येणाऱ्या मोसमी सरींचं बहुधा उलट: पाऊस तुमच्यावरून निघून जातो, पागोळ्याही थांबतात, पण ढग आता आग्नेयेच्या वाटेत असतो म्हणून टीव्ही थोडा उशिरा परततो. ही दहा मिनिटांची कळ सोसा. तेवढ्यासाठी गच्चीवर जाऊ नका.

काही चॅनेल जातात, काही राहतात

एकाच केबलमधून दोन प्रकारचे सिग्नल यायचे असतात, उभ्या आणि आडव्या ध्रुवणाचे, म्हणजे उभी डोलणारी लहर आणि आडवी डोलणारी लहर. बॉक्स १३ व्होल्ट पाठवतो तेव्हा एलएनबी उभं ऐकतो, १८ पाठवले की आडवं. पिन गंजली किंवा केबल फार लांब आणि हलकी असली की १८ चे वाटेत १५ होतात. मग एलएनबी गोंधळतो आणि आडव्या ध्रुवणाचे सगळे चॅनेल एकगठ्ठा गायब. लक्षण हेच असेल तर छत्रीला हात लावू नका, पिना आणि केबल बघा. जोराच्या पावसात आडवे किंचित आधी जातात हेही खरं आहे, कारण मोठा थेंब पडताना चपटा होतो आणि आडव्या लहरीला जास्त अडवतो. पण हा फरक थोडा असतो. कोरड्या दिवशी चॅनेल जात असतील तर दोष व्होल्टेजचा.

एका छत्रीवर दोन टीव्ही चालवणाऱ्या घरांत याहून मजेशीर तंटे होतात. साध्या स्प्लिटरने केबल दोघांत विभागली की प्रत्येकाच्या वाट्याला निम्म्याहून थोडी कमी शक्ती येते. वर सासूबाईंची मालिका १३ व्होल्ट मागते, मुलाची मॅच १८, आणि एलएनबी एकच. एकाने चॅनेल बदलला की दुसऱ्याचा जातो, आणि खापर पावसावर फुटतं. दोन आउटपुटचा एलएनबी घ्या, दोन स्वतंत्र केबल टाका, विषय संपला.

यातून काही होत नाही

एलएनबीला प्लास्टिकची पिशवी बांधणं. कोरडं प्लास्टिक लहरींना अडवत नाही, पण पिशवीवर पाण्याचा थर साचतो आणि तो अडवतो. आत वाफ धरते ती वेगळीच. छत्रीच्या पत्र्यावर पाणी असलं तर फारसं बिघडत नाही, झाकणावर असलं तर बिघडतं. त्यातून पावसाळ्यापूर्वी गच्चीवर नवी पत्र्याची शेड घातली जाते आणि छत्री तिच्याखाली राहते, हे तर अनेक सोसायट्यांत घडतं. पत्र्यातून या लहरी अजिबात येत नाहीत. निळी ताडपत्री कोरडी असताना चालते आणि नेमकी पावसात दगा देते.

केबलमध्ये बूस्टर बसवणं. तो सिग्नलबरोबर खरखरही तितकीच वाढवतो. स्ट्रेंग्थची पट्टी भरते, क्वालिटी जागच्या जागी. केबल फारच लांब असेल तरच त्याचा उपयोग, पावसासाठी नाही.

बॉक्स फॅक्टरी रीसेट करणं. पावसात तर मुळीच करू नका. सिग्नल नसताना चॅनेल शोधायला लावलं तर आहे ती यादीही जाते.

खरा फरक पडतो तो मोठ्या छत्रीने. साठऐवजी नव्वद सेंटीमीटरची घेतली तर क्षेत्रफळ सव्वादोन पट होतं, म्हणजे साडेतीन डेसिबलची भर. कोकणपट्टीत, घाटमाथ्यावर, जिथे चार महिने झड लागते, तिथे हा खर्च पटण्यासारखा आहे. ढगफुटीसारख्या सरीत ती छत्रीही जाईल, पण रोजच्या पावसात टिकेल. मात्र तिचा झोत अधिक अरुंद असतो, म्हणून साधणं काटेकोर लागतं, आणि वाराही तितकाच जास्त धरते. जुन्याच लटपटत्या अँगलवर चढवली तर पैसे पाण्यात.

ऊन असताना, अकरा वाजता

हा प्रकार पावसाचा नाही, पण गल्लत होते म्हणून इथेच. वर्षातून दोनदा, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या अगदी सुरुवातीला, आपल्याकडून पाहताना सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो. सूर्य स्वतः या लहरी भरपूर सोडतो आणि छत्री एकदम त्याच्याकडेच बघत असते. काही दिवस, रोज त्याच सुमाराला, काही मिनिटं क्वालिटी कोसळते. जीसॅट-१५ साठी मुंबईत ही वेळ सकाळी अकराच्या आसपासची. करायचं काहीच नाही. याचा एक फायदा मात्र उचलता येतो: त्या वेळी एलएनबीची सावली छत्रीच्या खालच्या कडेशी कुठे पडते ते बघून खूण करून ठेवा. सूर्य तेव्हा उपग्रहाच्याच दिशेला असतो, म्हणून पुढच्या वर्षी त्याच दिवसांत सावली खुणेवरून हललेली दिसली तर छत्री फिरली आहे, हे कुठल्याही यंत्राशिवाय कळतं.

एवढं करूनही जात असेल

तर कंपनीला फोन करा, पण ‘पावसात दिसत नाही’ एवढंच सांगू नका. त्यावर ‘पावसाळ्यात असं होतंच’ हे उत्तर ठरलेलं आहे. कोरड्या दिवसाची क्वालिटी किती, रिपरिपीत ती किती होते, कुठले चॅनेल आधी जातात, पाऊस थांबल्यावर किती वेळाने येतात, पिना आणि केबल कधी बदलल्या, हे सांगा. पडद्याचा फोटो पाठवता आला तर उत्तमच. मेकॅनिक आल्यावर त्याला मीटर लावायला सांगा आणि त्याचा आकडा तुमच्या कागदावर आधीच्या आकड्याखाली लिहून घ्या. तो छत्री साधून निघाला की त्याच्यासमोरच एक बादली पाणी एलएनबीच्या पिनेवर ओता. आकडा हलला तर त्याला खाली उतरू देऊ नका.